हात नको

"हात नको," असं म्हणून चाचा स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. आवाज हळू असायचा, पण खोलीतली माणसं जागच्या जागी थांबायची. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावरून जेवून कुणीतरी उठत असायचं, शेजारच्याने सवयीने हात पुढे केलेला असायचा, आणि तो तसाच हवेत राहायचा. "उठू दे त्याला. मला बघायचंय."

पाहुण्याला पोटभर कालवण-भात घालायचा आणि मग तो उठतो कसा ते निरखत बसायचं, असा यजमान तुम्ही पाहिला आहे का? मी एकच पाहिला. सौदीतल्या रास तनुराजवळच्या ज्या खासगी क्लिनिकात मी नोंदणीच्या खिडकीवर बसतो, तिथे ते फिजिओथेरपिस्ट होते. दाभोळच्या खाडीकाठचे. अख्खी जवानी सौदीत गेलेली, बायको-मुलं गावी. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो, आणि त्यांच्याच वयाचे कामगार-कॅम्पातले लोक भाई म्हणायचे.

मी चिपळूणचा. तिथे कंत्राटी कामगारांसाठी पत्रकं लिहायचो, त्यामुळे गोष्ट आडवळणाने सांगायला मला जमत नाही. सरळ सांगतो. इथल्या कॅम्पांत आपल्या कोकणातले फिटर आहेत, वेल्डर आहेत, साठीला टेकलेले. त्यांच्या इकाम्यावरचं, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावरचं, वय एक आणि गुडघ्यांचं वय दुसरं. हात-पाय चालतात तोवर त्यांना कुणी काही विचारत नाही. चालेनासे झाले की एकदम परतीचं तिकीट. मधल्या काळात, माणूस हळूहळू खचत असताना, त्याच्याकडे बघायचं कुणाच्या कामात बसत नाही.

ते बघण्यासाठीच आमच्या इजिप्शियन डॉक्टरांनी एक चाचणी आणली होती. म्हातारपणी माणूस आतून किती थकलाय हे आधीच ओळखायची, म्हणजे व्यायाम आणि खाणंपिणं देऊन त्याला सावरता येतं. थोडे प्रश्न, थोड्या हालचाली. चाचणी इंग्रजीत होती. डॉक्टर म्हणाले, ग्रीक बोलणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी ती त्यांच्या भाषेत करून घेतात, मग तुमच्या लोकांसाठी का नको? ते काम चाचांकडे आलं, आणि मराठी टाइप करता येतं म्हणून मी त्यांच्या हाताखाली गेलो.

मला वाटलं, दोन दिवसांत उरकेल. चाचांनी पहिल्याच प्रश्नाला चष्मा काढून ठेवला. "जिना चढताना दम लागतो का?" कॅम्पात सगळ्या पत्र्याच्या बैठ्या खोल्या, जिना आणायचा कुठून? पुढचा प्रश्न, बाजारातून सामान उचलून आणता का. सामान कंपनीच्या बसमधून येतं. तिसरा, गेल्या आठवड्यात प्रत्येक काम जड वाटलं का. यावर चाचा हसायलाच लागले. "याला सगळे अल्हमदुलिल्ला, मजेत आहे म्हणणार. कबरीत उतरवताना विचारलंस तरी तेच सांगतील."

मग त्यांनी एकेक प्रश्न कॅम्पातल्या दिवसाला लावून बघितला. जिन्याच्या जागी बसची पायरी आली. सामानाच्या जागी पाण्याची मोठी बाटली आली, कारण ती प्रत्येकाला कूलरवर चढवावीच लागते. वजन घटलं का असं न विचारता कमरेचा पट्टा आत घ्यावा लागला का असं विचारायचं ठरलं. खुर्चीवरून उठून दाखवण्याची हालचाल त्यांनी काढूनच टाकली. आपली माणसं जेवतात जमिनीवर, नमाज पढतात जमिनीवर, पत्ते खेळतात जमिनीवर. "जमिनीवरून उठवू. पाहिजे तर स्वतःचा हात टेकू दे."

पहिली चाचणी त्यांच्याच खोलीवर, शुक्रवारी जेवणानंतर. हमूर माशाचं कालवण झालं, सोलकढी झाली, आणि चाचांनी सांगितलं, आता एकेकाने उठा. सगळे उठले. खरोखर सगळे, त्यांत गुडघ्याला पट्टा बांधलेला एक म्हातारा वेल्डरही. मी भराभर बरोबरच्या खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टर खूश. चाचा मात्र मान हलवत होते.

"तू खुणा करत होतास, त्यांचे हात नाही बघितलेस," ते मला म्हणाले.

मग माझ्या लक्षात आलं. आपल्याकडे जेवून उठणाऱ्या वडीलधाऱ्याला शेजारचा हात देतोच. मागावा लागत नाही, घेणाऱ्यालाही घेतल्याचं कळत नाही. साठीतल्या माणसाला पन्नाशीतला, पन्नाशीतल्याला त्याच्या पलीकडचा, अशी सगळी पंगत एकमेकांना ओढून उभी राहिली होती. नाकारला तर तो अपमान.

"खोली पास झाली," चाचा म्हणाले. "माणसं कुठे झाली?"

तेव्हापासून 'हात नको' सुरू झालं. आणि तेव्हापासून माणसं कारणं काढू लागली. कुणाला फोन यायचा, कुणाला बस पकडायची असायची. वेल्डर तर जेवायलाच येईना. मी त्याला गाठलं तर म्हणाला, "तुमच्या कागदावर थकलो म्हणून आलं की कफील, तो मालक, घरचं तिकीट काढणार. माझी धाकटी अजून कॉलेजात आहे. जावा तुम्ही."

मला जो राग आला तो अजून आहे. ज्याच्या वेल्डिंगवरून तेल वाहतं त्याला गुडघा दुखतो म्हणायची चोरी. त्या संध्याकाळी मी पत्रक लिहून काढलं, मथळा 'तुमची हाडं तुमची आहेत'. चाचांनी उभ्या उभ्या वाचलं.

"भाषा झकास," ते म्हणाले. "पण हे वाचून तो वेल्डर मिस्त्री अजून घाबरेल. त्याला हाडं त्याची आहेत ते माहीत आहे. ती कोण बघणार, याची त्याला भीती आहे." मग ताटाकडे बोट दाखवून म्हणाले, "राग ठेव, लागेल. आधी जेव."

ते स्वतः डॉक्टरांकडे गेले आणि चाचणीवर कुणाचंच नाव राहणार नाही, निकाल कंपनीकडे जाणार नाही, हे कबूल करून घेतलं. कॅम्पात येऊन सगळ्यांना सांगितलं. माणसांनी ऐकून घेतलं आणि कुणीही विश्वास ठेवला नाही. का ठेवतील? आश्वासनांवरच तर ती इथवर आली होती.

पुढच्या शुक्रवारी चाचांनी वेल्डरला हाताला धरून आणलं. जेवण झाल्यावर म्हणाले, "आज कुणी उठायचं नाही. आज मी."

खोलीत हशा झाला. रोज दुसऱ्यांना उठबस करायला लावणारा माणूस तो. ते मांडी घालून बसलेले होते. त्यांनी एक हात जमिनीवर टेकला, पाय बाजूला घेतला, अंग पुढे घातलं. कंबर वर आली आणि पुन्हा खाली बसली. हशा थांबला. दोघेजण झटकन पुढे झाले.

"हात नको."

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मानेवरची शीर दिसत होती. मग ते सरळ बसले, टोपी नीट केली आणि माझ्याकडे बघून हसले. "लिही पोरा. झालं नाही."

मी त्यांच्या पंगतीला कितीतरी शुक्रवार बसलो होतो. ते नेहमी शेवटी उठायचे. सगळे हात धुवायला बाहेर गेले की ते ताटं गोळा करत बसलेले असायचे. मी ते यजमानाचं अगत्य समजत होतो.

वेल्डर बराच वेळ दस्तरखानाची कड दुमडत होता. शेवटी म्हणाला, "माझंपण होत नाही भाई. सकाळी खाटेचा दांडा धरून उठतो." त्याच्या पलीकडचा म्हणाला, त्याचा पट्टा दोनदा आत घेऊन झाला. मग ज्याला त्याला बोलायचं होतं. खोलीत गुडघे, कंबर, तुटलेली झोप, न जाणारा घास, सगळं बाहेर पडलं, आणि अधूनमधून थट्टाही. मी लिहीत होतो. चाचा चहा ओतत होते, बसल्या जागेवरून.

आता तुम्हाला वाटत असेल, कंपनीने नावं काढून घेतली असतील. नाही. डॉक्टरांनी शब्द पाळला. वेल्डर अजून कामावर आहे. रोज सकाळी खाट धरून चाचांनी शिकवलेली उठबस करतो आणि कुणी बघितलं की चिडतो. गेलं ते एकच नाव. करार वाढवायच्या आधी क्लिनिकने चाचांची तपासणी केली. त्यात त्यांना विचारलं, जमिनीवरून स्वतः उठता येतं का. ते खोटं बोलू शकले असते. त्या तपासणीत कुणी उठून दाखवायला सांगत नाही. त्यांनी नाही असं सांगितलं, आणि करार वाढला नाही.

मी भडकलो. अर्ज करू, डॉक्टरांकडून लिहून घेऊ, काय काय बोललो. ते बॅग भरत होते. "मिस्त्रीला खरं बोल म्हणालो," ते म्हणाले. "मग मी काय बोलणार होतो? खलास."

शेवटच्या शुक्रवारी सगळे आले होते. वेल्डरने कालवण केलं, मीठ जास्त पडलं, चाचांनी दोनदा वाढून घेतलं. जेवण झालं आणि एकेक जण हात धुवायला बाहेर गेला. चाचा ताटं गोळा करत बसले. मी दाराशी उभा होतो, दोन्ही हात पाठीमागे. कधी बांधले ते मलाही कळलं नव्हतं.

त्यांनी वर पाहिलं आणि त्यांना हसू आलं.

"चाचणी संपली ना आता?" ते म्हणाले. "मग हात दे."

मी पाय रोवून वाकलो, चांगला जोर लावायच्या तयारीने. तेवढा जोर लागलाच नाही. ते इतके हलके झाले होते.