पावगुणबाईंची तोंडी परीक्षा

आमच्या चौथीच्या वर्गशिक्षिकेला सगळी शाळा पाठीमागे 'पावगुणबाई' म्हणायची. इतर शिक्षक अर्ध्या गुणावर थांबत, या पाव गुणापर्यंत उतरत. आईच्या मते बाई चिकट होत्या. मला विचाराल तर इतकं चोख माणूस मला पुन्हा भेटलं नाही. हल्ली नातीचं प्रगतिपुस्तक मोबाईलवर येतं, त्यात नुसत्या रंगीत चांदण्या. बघितलं की डोकं फिरतं आणि बाईंची फार आठवण येते.

वर्गात मला 'मुकी' म्हणायचे. घरी माझ्या तोंडाची टकळी अखंड चालू, पण शाळेत चार लोकांसमोर उभी राहिले की दातखीळ बसायची. त्या वर्षी नियम निघाला, तोंडी परीक्षेत नापास तो वर्गात नापास. पहिल्या फेरीत मला वीसपैकी भोपळा मिळाला. दुसऱ्या फेरीतही तेच झालं असतं, तर मैत्रिणी पाचवीत आणि मी तिथंच.

एक दिवस शाळा सुटल्यावर बाईंनी मला थांबवलं. निकालपत्रकाचे मोठे कोरे कागद, पट्टी आणि पेन्सिल पुढ्यात ठेवली.

"रेघा मार गं जरा. माझे डोळे दमलेत."

मान खाली घालून मी रेघा मारू लागले. थोड्या वेळानं बाईंनी सहज विचारलं, "काय गं, तुमच्या घरामागच्या ओढ्याचं पाणी पुढे जातं कुठे?"

मी जी सुरू झाले! नदी, समुद्र, वाफ, ढग, सगळं सांगून मोकळी. दुसऱ्या दिवशी बिया, तिसऱ्या दिवशी अपूर्णांक. चौथ्या दिवशी मान वर केली, तर बाई कागदावर पाव पाव गुण मांडत होत्या.

मुख्याध्यापकांना ते कळलं. "बाई, रेघा मारता मारता परीक्षा? उद्या एखादा केस कापता कापता मागेल!"

"मग तुम्हीच घ्या सर. पण रिकाम्या हातानं बसायचं नाही."

सर रजिस्टरांना कव्हरं घालायला बसले. त्यांची प्रत्येक घडी वाकडी. प्रश्न विचारताना त्यांची नजर कागदावर आणि माझी त्यांच्या बोटांवर. उत्तरं देता देता मी त्यांच्या हातातून कागद कधी घेतला, कळलंच नाही.

निकालाच्या दिवशी भर वर्गात प्रगतिपुस्तक हातात आलं. तोंडी परीक्षा: पावणेचौदा. पास झाले होते! जीव भांड्यात पडला आणि पाठोपाठ असा राग आला की मी ताडकन उभी राहिले.

"बाई, माझे बाकीचे सव्वासहा कुठे गेले?"

चाळीस माना माझ्याकडे वळल्या. बाईंनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि ड्रॉवरमधून पाव पाव गुण मांडलेला तो कागद काढला.

"ये पुढे. कुठे गेले ते बघू."

फळ्याजवळ उभी राहून मी एकेका पाव गुणासाठी भांडले. बाईंनी एकही वाढवला नाही. घंटा झाली, तरी मी बोलतच होते.