“उपहास आहे, मॅडम”

सगळी बोटं माझ्याकडे होती.

कंपनीचं स्नेहसंमेलन. गंगापूर रोडवरचं लॉन. मी अंबडच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनियर. स्टेजवर आमच्या प्लँट मॅनेजरचा मुलगा स्वतःचं रॅप गाणं म्हणत होता. मोबाइलवर ते गाणं तुफान चाललेलं. सगळ्यांना पाठ.

“मार्क तुझे पस्तीस, तरी खुर्ची तुझी मोठी,
आमच्या ताटातली तुला आयती गं रोटी!”

दुसऱ्यांदा ही ओळ आली तेव्हा खरेदी विभागातले दोघं ओरडले, “मॅडमसाठी! मॅडमसाठी!” मग अख्खं टेबल. मग मागची टेबलं. पोरगं स्टेजवरून वाकलं आणि माझ्यापुढे माइक धरला. ‘आयती गं रोटी’ मी म्हणायचं. माझ्याच तोंडानं.

आयती? माझी आई दिंडोरीच्या बागांत मांडवाखाली दिवसभर हात वर करून द्राक्षाचे घड विरळायची. रात्री तिला स्वतःची वेणी घालता यायची नाही, इतके खांदे भरून यायचे.

माइक समोर. तोंडाशी आलं, मला अठ्ठ्याऐंशी टक्के होते. खाजगी कंपनीत आरक्षण नसतं. शाळेत, होस्टेलवर, इंटरव्ह्यूत, आयुष्यभर हेच केलं. कुणी टोचलं की मार्क दाखवायचे. चोर नाही म्हणून झडती द्यावी तसे.

आणि एकदम किळस आली. माझ्या वस्तीत बागेतून येऊन अभ्यासाला बसणाऱ्या पोरी आहेत. एखादीला पस्तीसच पडतात. मग तिला ही शिवी चालेल? माझे मार्क दाखवून मी सुटणार, आणि तिला यांच्यापुढे ढकलणार?

माइक हिसकावला. “बंद करा ते.”

आवाज थांबला. पोरगं हसलं. “मॅडम, उपहास आहे हा. सटायर! असं बोलणाऱ्यांचीच मी टर उडवतोय. तुम्ही उलटं घेताय.”

“असं बोलणारे इथंच बसलेत. त्यातला एक तरी लाजला का? ते नाचतायत तुझ्या गाण्यावर.”

“लोक कसं घेतात, त्याला मी काय करणार?”

“माइक कुणाकडे आणलास? त्यांच्याकडे, की माझ्याकडे?”



मी म्हटलं, “मी आरक्षणातून शिकले. मार्क सांगणार नाही. कुणीच विचारायचे नाहीत.”

टाळी नाही. “मूड घालवला यार,” मागून कुणीतरी. रोज माझ्या डब्यातलं खाणारी मैत्रीण आपल्या ताटात बघत राहिली. मी एकटीच बाहेर पडले.

सोमवारी मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं. “कलाकार आहे हो तो. सगळ्यांसमोर अपमान झाला त्याचा. सॉरी म्हणा, विषय संपवू.”

“अपमान त्याचा झाला, सर?”

“तुम्हा लोकांना विनोद कळत नाही.”

तुम्हा लोकांना! आमच्या वस्तीत जयंतीला जलसा व्हायचा. सरपंच पहिल्या रांगेत बसलेला असायचा आणि आमचा शाहीर त्याच्याच चालीनं चालून त्याची नक्कल करायचा. सरपंचाच्या कपाळावर घाम. दुसऱ्या दिवशी रोजगार बुडायची भीती, तरी करायचा. त्याला उपहास म्हणतात. बापाच्या कंपनीत, बापाच्या स्टेजवरून, बागेतल्या बाईच्या पोरीला हसणं, ही नुसती शिवी. तिला ताल लावला म्हणून ती कला होत नाही.

हे सगळं मी केबिनमध्ये उभी राहून बोलले. सॉरी म्हटलं नाही. कंपनीच्या मुख्य ऑफिसात लेखी तक्रार दिली. उत्तर आलं नाही. मला मात्र क्वालिटीतून काढून गोदामात टाकलं. टाकू देत. तक्रार मागे घेणार नाही, नोकरीही सोडणार नाही. काढायचं असेल तर कारण लेखी द्या आणि काढा.

गाणं अजून वाजतंय. लग्नात, वरातीत, गाड्यांमध्ये. माझ्यासमोर वाजलं की मी उभी राहणार आणि बंद करायला लावणार. साहेबाचं घर असलं तरी. रंगाचा बेरंग होईल. होऊ दे.