कागदावरचं दीड वर्ष

आश्रुबा आयुष्यात एकदाच ठरवून खोटं बोलला, आणि तेही पोराच्या भल्यासाठी.

धारूरकडचा हा ऊसतोड मजूर. दरवर्षी दिवाळी सरली की बायकोला, सत्यभामाला घेऊन कारखान्याची वाट धरायचा. मुलगा परमेश्वर तर उसाच्या फडावर, पाचटाने शाकारलेल्या कोपीतच जन्मला. त्याचं बालपण पाचटात जाऊ नये, एवढंच आश्रुबाच्या मनात होतं. तोडणीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी गावच्या शाळेत वसतिगृह होतं, पण पहिलीपासून पुढच्यांना. परमेश्वर तेव्हा जेमतेम साडेचार वर्षांचा. आश्रुबाने राधाकिशन गुरुजींना बेलाशक सांगितलं, सहा भरली. गुरुजींनी निम्म्या गावासारखी त्याचीही जन्मतारीख एक जून टाकली आणि पोरगा कागदावर दीड वर्षाने मोठा झाला.

वर्गात मात्र तो कायम सगळ्यांत बारका. बेसबॉलच्या जीवन सरांनी त्याला सेकंड बेसला उभं केलं, कारण तिथे लहान चणीचा, चपळ पोरगा शोभतो. बॅट हातात घेतली की बिचाऱ्याचा चेंडू चार पावलांवर पडायचा. कॉलेजात गेल्यावर राज्याच्या संघात राखीव म्हणून नुसता बसून आला. आणि मग सतराव्या वर्षी त्याने एकदम अंग धरलं. तोच बारका परमेश्वर आता चेंडू मैदानाच्या भिंतीवरून थेट रस्त्यावर भिरकावू लागला. सर म्हणायचे, यंदा एकोणीस वर्षांखालची राष्ट्रीय स्पर्धा, मग खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. आश्रुबाला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. नोकरी तेवढी कळली.

अर्ज भरताना सरांनी दाखला पाहिला. वय सात महिन्यांनी जास्त भरत होतं.

आश्रुबा तडक गुरुजींच्या घरी गेला. "गुर्जी, म्या खोटं सांगितलतं. पोरगं लहान हाय. तुमी तसं लिव्हून द्या."

निवृत्त गुरुजींनी जन्माची नोंद कुठे आहे का विचारलं. नोंद कुठली असायला? परजिल्ह्यातला फड, बाळंतपण करणारी सुभद्राबाई कधीच वारलेली. साक्षीला एकटी आई, आणि तिचं कोण ऐकणार? गुरुजींनी चहा पाजला. त्यापलीकडे त्यांच्याही हातात काही नव्हतं.

पोरगा भांडला असता, तर आश्रुबाला बरं वाटलं असतं. परमेश्वर एवढंच म्हणाला, "आबा, मला फडापासून वाचवायलाच केलंत तुमी." ते ऐकून आश्रुबाला तोंड कुठे लपवावं कळेना.

त्या दिवाळीत सत्यभामाची कंबर धरली. तोडणीला जोडी लागते. एकट्या माणसाला कोण नेतो? कॉलेजचं दप्तर खुंटीला अडकवून परमेश्वर आईच्या जागी बापाबरोबर निघाला. आश्रुबा नको नको म्हणत राहिला, पण दुसरा इलाज त्यालाही सुचत नव्हता.

ट्रॅक्टरपाशी मुकादम शहादेवने पोराचे दंड चाचपले आणि वय विचारलं.

"अठरा," परमेश्वर म्हणाला. "परवाच भरली."

शहादेवने मान हलवून त्याला वर चढायला सांगितलं. कागद काही मागितला नाही.