छावणीतला बँजो

माझ्या हातात बँजो पाहून सासरे पहिल्यांदा म्हणाले, "ते वरातीतलं वाद्य हाय. घरच्या बायांनी हात लावायची वस्तू न्हाई."

मी हात काढला नाही. खाली मान घालून वाजवत राहिले. चुकत होतं, तरी वाजवत राहिले.

आमच्या भागात ज्याला बँजो म्हणतात ती एक लांबट लाकडी पेटी असते. वर तारा ताणलेल्या आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. कव्वालीत तो असतो, भीमगीतात असतो, वरातीत तर असतोच. आमच्या भजनात नसतो. भजनात पेटी, पखवाज आणि टाळ. विणा घेऊन मधे उभे राहायचे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणायचे.

त्या साली ऊस उभ्यानं वाळला आणि सहकारी साखर कारखान्याचं धुराडं थंड पडलं. दरवर्षी आम्ही नवराबायको कोयता घेऊन तोडीला जायचो, त्या साली कुठूनच बोलावणं आलं नाही. नवरा पुण्याकडं बांधकामावर गेला. सासूबाई लेकरांना घेऊन घरी थांबल्या. कारखान्याच्या मोकळ्या आवारात गुरांसाठी छावणी पडली, तशी आमची बैलजोडी घेऊन मामा आणि मी तिथं राहायला गेलो.

छावणी सगळ्यांची होती. पण गावात जशा वस्त्या तशाच त्या तिथंही पडल्या. फाटकाजवळ आम्ही शेतकरी. उसाच्या गाड्यांचं वजन करायच्या काट्यापाशी तांड्यावरचे लमाण. आणि पार मागं, बॉयलरच्या राखेच्या ढिगाजवळ, मुसलमान आणि भीमनगरचे लोक. असं बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. पाण्याचा टँकर आधी आमच्याकडं थांबायचा, मागं पोचेपर्यंत त्याच्या तळाशी गढूळ तेवढं उरायचं.

दिवस मावळला की आमच्या गोठ्यापुढं भजन व्हायचं. राखेनं आणि धुळीनं पेटीचा भाता गेला, ती बंद पडली. तरी मामांनी भजन मोडलं नाही. एका संध्याकाळी अभंग सुरू असताना मागच्या बाजूनं बँजोचा आवाज आला. आमचाच अभंग, आमच्याच चालीत. भजनी मंडळातल्या लोकांनी एकमेकांकडं पाहिलं आणि टाळ जोरात वाजवायला लागले.

दुसऱ्या दिवशी बैलांना पाणी दाखवून झाल्यावर मी राखेच्या ढिगाकडं गेले. एक म्हातारा माणूस म्हशीजवळ पोत्यावर बसून तारा पुसत होता. सगळे त्याला चाचा म्हणायचे. नांदूरघाटच्या बाजूचा. उभा जन्म कव्वालीच्या पार्टीत बँजो वाजवण्यात गेलेला. दुष्काळानं उरूस बंद पडले, पार्टी फुटली, आणि लेकीची म्हैस जगवायला तो छावणीत आला होता.

"काल तुमीच वाजवत होता का?" मी विचारलं.

"व्हय. तुमचे बुवा लई चांगलं गातात. पण पेटी गेल्यापासून सूर चढत चाललाय त्यांचा. म्हणून इथून आधार देत होतो. पोचला का न्हाई, अल्ला जाने."

"पोचला," मी म्हणाले. "मला शिकवता का?"

तो हसला. "तुमचे लोक काय म्हणतील, बेटी?"

"ते मी बघते."

दुपारी गुरं रवंथ करत बसली की माझी शिकवणी चालायची. कोयता धरून माझी बोटं आखडलेली. बटणावरून बोट उचलायचं म्हटलं की सगळा पंजा उचलला जायचा. चाचा रागवायचा नाही, पण सोडायचाही नाही. "परत," एवढंच म्हणायचा.

एकदा काट्याजवळची एक लमाण बाई वैरण घेऊन जाताना थांबली आणि आमच्याकडं बघत उभी राहिली. चाचानं तिला गाणं म्हणायला लावलं. ती लाजली, मग तोंडावर ओढणी घेऊन म्हणायला लागली. तिची बोली मला कळेना, पण चाल ऐकली आणि मी चमकले. आमच्याकडं नवरीला हळद लावताना बाया जे म्हणतात, ती जवळपास तीच चाल होती. मी आमचे शब्द त्यात घातले. ती थांबली, माझ्याकडं बघत राहिली, मग दोघी मिळून म्हणायला लागलो. चाचा खाली मान घालून साथ करत होता. त्या दिवसापासून काट्याच्या सावलीला बाया जमायला लागल्या. तांड्याच्या, भीमनगरच्या, मागच्या वस्तीतल्या, आणि हळूहळू आमच्या गोठ्यांतल्याही.

मामांना कळायला वेळ लागला नाही. वरातीचं वाद्य म्हणाले ते तेव्हाच. त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. भाकरी वाढली की खायचे आणि उठून बैलांकडं जायचे. मी रडले नाही. एरवी त्यांच्याशी मी कधी वर मान करून बोलले नव्हते, त्यामुळं मला माझंच नवल वाटत होतं.

पुढं कारखान्याचे चेअरमन छावणी बघायला येणार असं ठरलं. चारा वाटणारा जो माणूस होता त्याला आम्ही सगळे साहेब म्हणायचो. तो मामांकडं आला.

"स्टेजवर भजन पाहिजे. आणि पेटी न्हाई तर सूनबाई बँजो वाजवते म्हणं, ती बसू द्या. बाई दिसली तर चेअरमनसाहेबांना कौतुक वाटंल."

मामा माझ्याकडं बघेनात. मीच म्हणाले, "चाचा बसतील. मी त्यांच्याशेजारी बसंन. अजून मला पुरतं येत न्हाई."

"तो म्हातारा बसणार न्हाई. हा भजनाचा कार्यक्रम हाय."

"कावून न्हाई? भजनाला सूर तर त्यांचाच हाय."

"बाई, जेवढं सांगितलं तेवढं करा."

"मग मी वाजवणार न्हाई."

तो मामांकडं वळला. "सूनबाईला समजवा बुवा. चारा आमी वाटतो, एवढं ध्यानात असू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दावणीला चारा आला नाही. शेजारच्यांना मिळाला, पुढच्यांना मिळाला, आमची दावण सोडून गाडी पुढं गेली. बैल त्या गाडीकडं माना वळवून बघत राहिले. मामा माझ्यावर कडाडले. "मुक्या जिवांना उपाशी ठेवलंस तू. जा, त्याला हो म्हणून ये."

खोटं कशाला सांगू, बैलांकडं बघवत नव्हतं. तरी मी गेले नाही. "चारा त्यानं बंद केलाय, मामा," मी म्हणाले. "मी न्हाई. जायचंच तर त्याला विचारायला चला, मी येते संगं."

आमचं बोलणं चालू होतं तेवढ्यात ती लमाण बाई डोक्यावर उसाच्या वाढ्याची पेंढी घेऊन आली. तिनं ती आमच्या बैलांपुढं सोडली. तिच्यामागून भीमनगरच्या दोघीजणी आल्या, आपापल्या वाट्यातलं काढून. शेवटी चाचा आला, काखेत कडब्याची पेंढी. त्याच्या म्हशीचंच पोट भरत नव्हतं. फाटकाजवळच्या आमच्या भावकीतलं मात्र कुणी आलं नाही. ज्यांच्याबरोबर मामांनी आयुष्यभर टाळ वाजवला ते आपल्या गोठ्यांतून बघत होते.

मामा ते सगळं उभं राहून बघत होते. बैल खायला लागले. मग मामा चाचाला म्हणाले, "बसा." आणि मला म्हणाले, "चहा ठेव."

आमच्या गोठ्यात चाचा पहिल्यांदा बसला तो असा. दोघं म्हातारे पाण्याविषयी बोलले, गुडघ्यांविषयी बोलले. गाण्याचा विषय कुणी काढला नाही.

चेअरमन आले त्या दिवशी मामा विणा घेऊन स्टेजवर चढले. वर उभं राहून त्यांनी चाचाला हाक मारली, मला हाक मारली. मंडळातले बरेच जण खालीच थांबले. साहेबानं आमच्यापुढचा माइक बंद करायला लावला. मामांनी माइककडं बघितलंसुद्धा नाही. आयुष्यभर ते माइकशिवायच गात आले होते. अभंग उचलला, चाचानं सूर धरला, मी जमेल तिथं मिळवलं आणि चुकले तिथं थांबले. टाळ कमी पडत होते, तर काट्याच्या बाजूनं बायांच्या टाळ्या सुरू झाल्या.

चेअरमनना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते उठले आणि म्हणाले, सगळ्या जातीधर्माची माणसं एकत्र आणणं यालाच सहकार म्हणतात, आणि आमच्या कारखान्यानं ते करून दाखवलं. साहेबानं सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी बसल्या जागेवरून म्हणाले, "कारखान्यानं न्हाई केलं. आमचा चारा बंद होता. या बायांनी आपल्या गुरांचा घास काढून दिला." आमच्यापुढचा माइक बंद होता, पण पुढच्या रांगांना ऐकू गेलं. चेअरमननी साहेबाकडं पाहिलं आणि ते पुन्हा बोलायला लागले.

दुसऱ्या दिवशी आमचा चारा आला. टँकर मात्र आधी फाटकाशीच थांबत राहिला. मग एक दिवस मागच्या बाया आणि आम्ही हंडे घेऊन वाटेत उभ्या राहिलो आणि तो आधी राखेच्या ढिगापाशी नेला.

छावणी उठली तेव्हा चाचा आपला बँजो घेऊन गावी गेला. मी अंबाजोगाईहून जुना बँजो आणला. पुण्याहून परतलेला नवरा आधी कुरकुरला, मग मोटारसायकलवर मागं बसवून मला कार्यक्रमांना न्यायला लागला. उरूस पुन्हा सुरू झाले तेव्हा मी चाचाबरोबर कव्वालीत वाजवलं, तांड्यावरच्या लग्नांत वाजवलं, भीमजयंतीला वाजवलं. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी विचारायचं, ही इथं कशी. दर वेळी पुढचं गाणं सुरू व्हायचं.

गावातल्या मंडळानं मामांची विणा काढून दुसऱ्याला दिली. मामा घरी ओट्यावर भजन म्हणायला लागले आणि मी साथ करायला लागले. चाचा आजारी पडला तेव्हा मामा नांदूरघाटला त्याच्या उशाशी जाऊन राहिले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "सुराचा लई पक्का माणूस."

दोघंही आता नाहीत. मंडळ अजून आहे. सप्ताहाला मी बँजो घेऊन देवळात जाते आणि पखवाजाशेजारी बसते. पहिल्या वर्षी दोघेतिघे उठून गेले. मी वाजवत राहिले. दुसऱ्या वर्षी त्यातला एक परत येऊन बसला, माझ्याकडं न बघता, आणि त्यानं टाळ उचलला.