डाकोटा सोडला, पण भिऊन नाही

सत्तावन्न साली माझी बदली आसामात, जोरहाटच्या विमानतळावर झाली. हुद्दा फ्लाइट सार्जंट, काम सिग्नलरचं. तुम्हा सिव्हिलियन लोकांना वाटतं, विमानात बसतो तो प्रत्येक जण पायलट. तसं नसतं. डाकोटा विमानात पुढे दोन पायलट, त्यांच्या मागे नॅव्हिगेटर आणि वायरलेसवर सिग्नलर. पायलट विमान चालवतो, नॅव्हिगेटर रस्ता सांगतो. आणि विमान कुठं आहे, धड आहे की नाही, हे जमिनीवरच्यांना कळवतो तो सिग्नलर. वर्ध्याकडच्या तळेगाव श्यामजी पंतच्या थुलांचा देवराव, म्हणजे मी, ज्याच्या बापानं जन्मभर जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलल्या, तो कानाला हेडफोन लावून ढगांतून बोलत होता. छाती फुगायची हो! खोटं कशाला सांगू?

आमचं काम हमालीचं होतं. डोंगरात सीमेवर आपल्या चौक्या होत्या, तिथं रस्ता नव्हता. तांदूळ, मीठ, डाळ, रॉकेल सगळं वरून टाकायचं. पॅराशूट सगळ्या मालाला पुरत नसत, म्हणून तांदूळ तसाच फेकायचा. एका पोत्यावर दुसरं मोठं ढिलं पोतं. आतलं फुटलं तरी तांदूळ बाहेरच्यात राहतो. विमान दरीत उतरायचं, पायलट घंटी वाजवायचा, आणि मागच्या डाव्या दारातून चार जवान पायांनी पोती बाहेर रेटायचे. त्या दाराला दार नसायचंच, ते काढून ठेवलेलं असे. जवानांच्या कमरेला पट्टा आणि पट्ट्याचं टोक विमानाला.

त्या चौघांचा म्होरक्या होता लान्सनायक गणपत शेलार. साताऱ्याकडचा, काटक, मिशीवाला. मी वऱ्हाडी, 'का'ऐवजी सारखा 'काऊन' म्हणायचो, म्हणून त्यानं माझं नावच 'काऊनसाहेब' ठेवलं. सगळ्या विमानतळावर तेच रूढ झालं.

"काय काऊनसाहेब, आज आकाशवाणीवर काय म्हणत्यात?"

"म्हणतात, शेलारले जास्त बोलू देऊ नका."

असं आमचं चाले. घरापासून एवढ्या लांब कोणी मराठीतून चिडवलं तरी जेवण गोड लागे.

ती सकाळ स्वच्छ होती. विमानाचा कॅप्टन, म्हणजे मुख्य पायलट, होता फ्लाइट लेफ्टनंट सबरवाल. पंजाबी माणूस, कमी बोलणारा. दरी ओळखीची होती. एका बाजूनं शिरायचं, चौकीवर माल टाकायचा, आणि टोकाशी समोर उभा असलेला डोंगर यायच्या आत डावीकडे वळून वर चढायचं. पहिला फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्याला आत शिरलो आणि उजवं इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं आणि बंद पडलं. अर्ध्याहून जास्त माल अजून पोटात होता. एका इंजिनावर तेवढं वजन घेऊन डोंगर ओलांडणं शक्य नव्हतं.

सबरवालचा आवाज हेडफोनमध्ये आला. "थूल, बेस को बोलो. फिर पीछे जाओ. सारा माल बाहर."

मी मोर्सच्या बटणावर बोट ठेवलं. एक इंजिन बंद. माल फेकतोय. परततोय. जोरहाटच्या बेसनं पोच दिली. हेडफोन काढले आणि मागे धावलो.

मागे घंटी थांबतच नव्हती. दारापाशीची पोती संपली होती. उरलेली पुढच्या बाजूला रचलेली, आणि पट्टा तिथवर पोचत नव्हता. शेलारनं पट्ट्याचा आकडा काढला. मी ओरडलो, "शेलार, पट्टा!"

"पोती लांब, पट्टा आखूड. धरा, काऊनसाहेब, धरा!"

मी धरलं. तो ओढत होता, मी ढकलत होतो, बाकीचे तिघे दारातून लाथेनं काढत होते. समोरचा डोंगर मला दिसत नव्हता, पण सबरवालला दिसत होता. त्यानं विमान डावीकडे वळवलं. डावा पंख खाली गेला, विमानातली जमीन दाराकडे उतरती झाली. शेलार पोत्यासकट घसरला. मी हात टाकला. माझ्या हाताला पोत्याचा कान लागला, त्याचा हात नाही. तो दारातून गेला. ओरडला नाही.

बाकीच्या तिघांनी शेवटचं पोतं काढलं. विमान हलकं झालं आणि डोंगरावरून पार झालं. झाडांचे शेंडे खिडकीतून मोजता आले असते. मी परत सीटवर बसलो, हेडफोन लावले आणि बेसला कळवलं. एक माणूस गेला. नाव पाठवलं. एकही अक्षर चुकलं नाही. चौकीच्या जवानांनी त्याला शोधलं आणि तिथंच नदीकाठी लष्करी इतमामानं अग्नी दिला.

आम्ही उडत राहिलो. चौकीला तांदूळ लागतोच. महिन्याभरानं मला रजा मिळाली.

पुलगावला उतरून आर्वीच्या छोट्या गाडीत बसलो. ती गाडी इतकी निवांत चालते, की माणूस उतरून पाणी पिऊन परत चढेल. आर्वीहून मोटरनं तळेगाव. वस्तीत पाऊल टाकलं, तसे लोक गोळा झाले. छप्पनच्या दसऱ्याला सगळी वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती, एक मीच गेलो नव्हतो, रजा नव्हती म्हणून. आता घराघरात बुद्धाची तसबीर, आणि पोरं शाळेत. त्यात मी म्हणजे वस्तीचा मानाचा तुरा. म्हातारे लोक माझ्या बाहीवरच्या पट्ट्या हात लावून पाहत.

मायला डोळ्यांनी कमी दिसायचं. पण कान तिखट. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्यावर बसलो होतो. नागपूरकडून एक विमान आलं. माय आतून धडपडत बाहेर आली आणि आकाशाकडे दोन्ही हात हलवू लागली.

"अवं माय, मी इथंच हाव नं! कोनाले हात करून राह्यली?"

"मालूम हाय मले. तो बी कोनाचा तरी पोरगाच असन नं? त्याची माय इथं नाई, म्हनून म्या केला."

मी हसलो. मग शेलारची आठवण आली आणि उठून मागच्या अंगणात गेलो.

संध्याकाळी मायनंच खरी बातमी सांगितली. कौसल्या, माझी बायको, सातवीची फायनल परीक्षा पास झाली होती. वर्ध्याला मास्तरणींच्या ट्रेनिंगला तिचा नंबर लागला होता. वस्तीतली पहिली बाई. दोन वर्षं तिकडे राहायचं. वर्ध्याला लागूनच सिंदी मेघ्याला तिची मावशी होती, तिच्या एका खोलीत ती राहू शकत होती. पण तिनं 'नाही' सांगून टाकलं होतं. माय अर्धी आंधळी, आमची सुमन चार वर्षांची. मी आसामात. घर कोण पाहणार?

"मले इचारलं नाई तिनं," माय म्हणाली. "नाई म्हनून मोकळी झाली. तवापासून हसली नाई."

आता माझी गोष्ट ऐका. माझ्या करारातली वर्षं संपत आली होती. मुदत वाढवली तर पुढचा हुद्दा नक्की होता, सबरवालनं तसं म्हटलंही होतं. नाही वाढवली तर डिस्चार्ज. घरी यायचं मनात कधीचं होतं. पण शेलार गेल्यावर महिन्याभरात मी नोकरी सोडली, तर लोक काय म्हणतील? शेलार मेला अन् थूल भ्याला. या एका वाक्यापायी मी मुदत वाढवायची ठरवून आलो होतो. तोफेसमोर उभा राहीन, पण हे ऐकायची माझी तयारी नव्हती. गर्व म्हणा, ताठा म्हणा.

कौसल्या चुलीपाशी भाकर थापत होती. मी विचारलं, "ट्रेनिंगले काऊन नाई म्हटलं?"

"घर कोन पाहीन?"

"मी आलो तर?"

तिनं हात थांबवला. "तुमी? इमान सोडून?"

मग मी तिला दरीतलं सगळं सांगितलं. कोणालाच सांगितलं नव्हतं. पट्टा, पोतं, माझा हात. आणि लोक काय म्हणतील तेही. ती ऐकत राहिली. तव्यावरची भाकर करपली, तिचं लक्ष नव्हतं.

"एक इचारू? तुमाले उडाचं भेव वाटते का?"

"वाटते. तवापासून रोजच वाटते."

"मंग उडता कसे?"

"अवं, भेव वाटलं तरी उडता येते. ड्यूटी हाय."

"मंग तसंच," ती म्हणाली, "लोकायचं भेव वाटलं तरी घरी बी राहाता येते."

पंधरा मिनिटं भांडलो असतो तर मीच जिंकलो असतो, पण तिनं भांडणच केलं नाही. मला हसू आलं. मोठ्यानं हसलो. माय आतून ओरडली, "का झालं व?" कौसल्या म्हणाली, "काई नाई आत्याबाई, तुमच्या पोराले भाकर शिकवाची हाय."

आणि शिकवलीच. रजेचे उरलेले दिवस मी ज्वारीच्या पिठाशी झुंजत होतो. माझी पहिली भाकर आसामच्या नकाशासारखी झाली, ब्रह्मपुत्रेसकट मधोमध चिरलेली. सुमन म्हणाली, "बाबा, हे गाईले देऊन दे." शेजारच्या बाया दाराशी येऊन पदराआड हसत. "आता व माय! सार्जंट चुलीपाशी!" हसा म्हटलं. मोर्स शिकताना उस्तादानं याहून वाईट शिव्या दिल्या होत्या.

जोरहाटला परतलो आणि सबरवालपुढे उभा राहिलो. मुदत वाढवायची नाही, असं सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं.

"थूल, उस दिन की वजह से?"

"नो सर. वाइफ को टीचर की ट्रेनिंग मिली है. दो साल घर मैं देखूँगा."

"घर देखोगे? खाना कौन बनाएगा?"

"मैं, सर. सीख के आया हूँ."

तो खुर्चीत मागे रेलला. मग म्हणाला, "यार, मुझे तो अंडा उबालना नहीं आता." आणि उठून हात मिळवला. ऑफिसरनं सार्जंटशी असा हात मिळवायची आमच्याकडे रीत नव्हती.

मी एकच मागणं केलं. सुटका होईपर्यंत ड्यूटी कमी करू नका, आणि शेवटची फेरी त्याच दरीत द्या. दोन्ही मिळालं. सुटकेपर्यंत त्या दरीत मी कितीदा गेलो, ते विमानतळावरच्या सगळ्यांनी पाहिलं. थूल भ्याला, असं कोणी म्हटलं नाही.

शेवटच्या फेरीला हवा ठीक होती. माल सगळा नीट गेला. आता मागे लांब पट्टे आले होते, पुढच्या पोत्यांपर्यंत पोचतील असे. शेलार गेल्यावर तो बदल झाला. दरीच्या टोकाशी वळण घेऊन वर चढताना मी चौकीच्या वायरलेसला गाठलं. हुकूम नव्हता, पण सबरवालला आधी विचारलं होतं. त्यानं मान हलवली होती. मी मोर्सवर एक नाव पाठवलं. लान्सनायक गणपत शेलार. बास. पुढे काही नाही.

वायरलेसचा नियम असा, की महत्त्वाचा मजकूर ऐकणारा जसाच्या तसा परत पाठवतो, म्हणजे चूक राहत नाही. खालचा ऑपरेटर कोण होता, मी त्याला कधी पाहिलं नाही. मग खालून, नदीकाठावरून, एकेक अक्षर सावकाश परत येऊ लागलं. शेवटचं अक्षर येईस्तोवर माझे डोळे भरले होते. नॅव्हिगेटरनं तोंड खिडकीकडे फिरवलं.

मी तळेगावला आलो आणि कौसल्या वर्ध्याला गेली. दोन वर्षं मी भाकरी थापल्या, सुमनची वेणी घातली, मायला हाताला धरून फिरवलं. लोक बोलले. बोलायचेच ते. "विमानवाला चुलीत पडला" असंही बोलले. एकदा आष्टीच्या बाजारात एका शहाण्यानं तोंडावर विचारलं, "का हो थूल, भेले म्हनून आले म्हनतात?" मी म्हटलं, "भेलो तं होतोच. पन आलो दुसऱ्या कामासाठी. बायकोचं ट्रेनिंग हाय." त्यानं वांगी घेतली आणि गेला.

कौसल्याची पहिली नेमणूक आष्टीच्या शाळेत झाली. ती कडक पातळ नेसून मोटरला निघाली तेव्हा वस्तीतल्या सगळ्या बाया रस्त्यापर्यंत आल्या. तेच लोक मला मग 'मास्तरणीचा नवरा' म्हणू लागले. म्हणा की! हवाई दलात फ्लाइट सार्जंट होतो आणि घरी मास्तरणीचा नवरा. दोन्ही हुद्दे मी मेहनतीनं कमावले, आणि दुसऱ्याचा अभिमान तसूभर जास्तच आहे.

पण एक सांगून थांबतो. नोकरी की घर, हा घोळ मी घातला, रात्र रात्र विचार केला, बायकोशी बोललो, शेवटी ठरवलं. ठरवायला मी उरलो होतो. साताऱ्याकडच्या एका घरातही एक बाई होती, आणि तिचा माणूसही कधी ना कधी घरी परतायचं ठरवणारच होता. त्याच्यावर ती पाळी आलीच नाही. आम्ही सात जण त्या दिवशी डोंगर पार करून आलो आणि आपापल्या घरी गेलो, म्हातारे झालो. आठवा लान्सनायक गणपत शेलार. पट्टा त्यानं स्वतःच्या हातानं सोडला होता.