भाग्यलक्ष्मीबाईंचा अंदाज

जयनगरच्या भाग्यलक्ष्मीबाई फिजिक्स शिकवतात, पण गुण देताना त्यांचा हात भारी आखडतो. शेजारणीच्या चहालाही त्या दहापैकी सहाच देतात. यंदा शेजारच्या, बाईंच्याच वर्गातल्या अनुषाला परदेशी विद्यापीठात अर्ज करायचा होता, आणि परीक्षेआधीच बाईंनी तिच्या गुणांचा अंदाज तिथे कळवायचा होता. अंदाज कमी, तर प्रवेश गेलाच!

अनुषाची आई पुरणपोळ्या घेऊन धावली. "अक्का, पोरीकडे स्वल्प, जरासं बघा हं."

बाईंनी आधी पोळी निवांत संपवली. "अंदाज कालच पाठवला. पंच्याण्णव."

आईचा जीव भांड्यात पडला. "आणि पोळी?"

"सहा. गूळ कमी."

तेव्हापासून बाई रोज संध्याकाळी फिजिक्सचं पुस्तक घेऊन अनुषाच्या दारात हजर. "ऊठ गं, पंच्याण्णव लिहून बसलेय मी!"