अक्काच्या नाकाचा फोटो

“तडीरी, हसी ऐती!” थांबा, अजून ओली आहे. एक्स-रेची फिल्म खिडकीशी धरून, मान तिरकी करून ते असं म्हणायचे आणि बाकावरच्या नातेवाइकांचा जीव टांगणीला लागायचा. हुबळीच्या स्टेशनजवळच्या त्या दवाखान्यात ते एक्स-रेचे फोटो काढत, म्हणून सगळे त्यांना फोटोअण्णा म्हणत.

माणूस भलताच भिडस्त. पुरुषांना दटावून सरळ बसवायचे, पण समोर बाई आली की स्वतःच जमिनीकडे बघायचे. तुम्हीही हसला असता.

माझी थोरली बहीण, अक्का, हिचं नाक बंद झालं, वास येईनासा झाला, रक्त येऊ लागलं. धारवाडच्या डॉक्टरांना आत गाठ दिसली. अशी गाठ क्वचितच होते, म्हणाले. गाठीनं हाड खाल्लं असेल तर इलाज नाही. नुसतं ढकललं असेल तर कापून काढता येईल. ते फोटोवरूनच कळणार होतं. आम्ही हुबळी गाठली.

फिल्म वाळली आणि पाहतो तो काय, नेमक्या हाडाच्या रेघेवर पांढराशुभ्र ठिपका! अक्काच्या नाकातली सोन्याची मुगुत्ती, म्हणजे आपली चमकी. सवाष्णीला ती काढा म्हणायचं कसं, म्हणून अण्णा गप्प राहिले होते. मी भयंकर भडकलो.

“पुन्हा काढू की,” अण्णा पुटपुटले. “पण अक्का, ती मुगुत्ती जरा...”

“हे बाहेर बसलेत आणि मी मुगुत्ती काढू? जीव गेला तरी नाही!”

मग या भिडस्त माणसानं काय करावं? अक्काच्या नवऱ्याला, आमच्या भावजींना, हाताला धरून आत आणलं. “धडधाकट आहेत की हो, बघा! यांच्याच हातानं काढा. प्लेटला नाक टेकल्यावर हे दिसायचे नाहीत, तर बोलत राहतील.”

भावजींनी मुगुत्ती काढली आणि फोटो निघेपर्यंत म्हणत राहिले, “मी आहे गं, इथंच आहे.”

या खेपेला रेघ स्वच्छ दिसली. वाकलेली, पण अखंड. डॉक्टर “काढता येईल” म्हणाले. इतकं हलकं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

गाठ निघाली, अक्का बरी झाली. पुढं महायुद्धामुळं फिल्म मिळेनाशा झाल्या, तेव्हा अण्णा गावी जायला निघाले. त्याआधी त्यांना आमच्याकडे जेवायला बोलावलं. अक्का ओसरीवर वाढत होती. एकाएकी थबकून म्हणाली, “अगंबाई, दूध करपतंय!”

आमच्या कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. अण्णांचा हात पानात थांबला. “अक्का, तुम्हाला वास आला?”

“न यायला काय झालं?” म्हणत ती आत पळाली.

अण्णा मान खाली घालून कालवलेलाच भात पुन्हा कालवत राहिले.